रिंगणातली जागा

दसऱ्याचे सोने वाटून झाले की बालाघाटाच्या माथ्यावरील गावांतून बिऱ्हाडे हलू लागतात. बीड जिल्ह्यातील पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांत, तसेच शेजारच्या पाथर्डीत, पावसाच्या भरवशावर पिकलेली बाजरी घरात येते न येते तोच मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असल्याची आठवण घरोघर होते; मग नवरा-बायको मिळून होणारा एकेक कोयता, त्यांची भांडीकुंडी, धान्याची पोती, एखादी शेळी आणि या सर्व सामानाच्या मधोमध बसलेली मुले अशी गाड्यांची आणि ट्रकांची रांग गोदावरी, प्रवरा आणि भीमा यांच्या पाटपाण्याच्या मुलखाकडे उतरू लागते, ती गुढीपाडव्याच्या आगेमागे कारखान्याचा पट्टा पडला म्हणजेच माघारी वळते. या लोकांच्या एका तळावर, प्रवरेच्या खोऱ्यात, एका सेवाभावी संस्थेच्या वतीने चालणाऱ्या बालवाडीत मी काही हंगाम शिक्षिका होते. तेथे तीन ते सहा वर्षांच्या मुलांसमवेत जे पाहिले आणि ज्याचा मनावर कायमचा ठसा उमटला, ते लिहून ठेवावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

हा मुलूख समृद्ध आहे. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, पाटाच्या पाण्यावर ऊस वाढला, आणि पुढे १९५० च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीस शेतकऱ्यांच्या स्वतःच्या मालकीचा सहकारी कारखाना गाळप करू लागला. तो इतिहास आपण अभिमानाने सांगतो आणि तो सांगण्याजोगा आहेही. परंतु ज्या माणसांच्या कोयत्यावाचून एक कांडेही गव्हाणीत पडत नाही, ती माणसे त्या सहकाराची सभासद नाहीत, ज्या गावाच्या शिवारात ती अर्धे वर्ष राबतात त्या गावच्या दप्तरात त्यांचे नाव नाही, आणि ज्या गावच्या दप्तरात त्यांचे नाव आहे तेथे त्या काळात त्यांच्या घराला कुलूप असते. अशा आईबापांच्या पोटी जन्मलेल्या मुलास ‘तू आमच्यातला आहेस’ असे कोणी म्हणायचे, आणि कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न मला तळावरच्या पहिल्याच हंगामात पडला व तो अद्याप सुटलेला नाही.

सहा वर्षांपुढील मुलांसाठी २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा आहे, त्यांना गावीच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली आहेत, आणि त्यांचा थोडाफार उपयोगही होतो. पण तीन-चार वर्षांचे मूल आईला सोडून वसतिगृहात कसे राहणार? ते आईबरोबर येते, आणि आई पहाटे तीन-साडेतीनला उठून भाकरी थापून फडात गेली की एक तर उसाच्या बांधावर पाचटाच्या ढिगाशेजारी दिवस काढते, नाही तर कोपीच्या दाराशी बसून राहते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस काम आरंभिले तेव्हा मुले शाळेत येत नसतील तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी असा निश्चय त्यांनी केला होता, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवरून वारल्यांच्या पाड्यापाड्यांत तो त्यांनी सिद्धीस नेला. आमच्या संस्थेची प्रेरणा तीच होती. फक्त आमच्या मुलांचे अंगणच दर हंगामाला जागा बदलणारे होते. बांबू, चटया, पाचट आणि वरून ताणलेला कागद यांची एक मोठी कोपी आम्हांला मिळाली होती, आणि तिच्या पुढ्यात सारवून घेतलेल्या जमिनीवर मुले रिंगण करून बसत.

लहान मुलाने रडे थांबवले, राग आवरला, हट्ट सोडला म्हणजे त्याला आपल्यात बसवून घ्यायचे, हा क्रम घरोघरी आणि शाळाशाळांतून रूढ आहे. ‘आधी गप्प हो, मग मध्ये ये’ असे आपण किती सहज म्हणतो! माझ्या शिक्षणाच्या काळात मी पाहिलेल्या उत्तम म्हणवणाऱ्या वर्गांतही दांडगाई करणाऱ्या मुलास काही वेळ वर्गाबाहेर अथवा कोपऱ्यात बसवण्याची चाल होती, आणि ती क्रूरपणाने नव्हे, तर शिस्तीच्या प्रामाणिक कल्पनेने पाळली जात असे. तळावर हा क्रम मला उलटा करावा लागला. त्यामागे कोणत्याही ग्रंथातील सिद्धांत नव्हता. निव्वळ तेथील जमिनीची रचना होती. आमच्या रिंगणाच्या बाहेर एका अंगास उसाने भरलेल्या बैलगाड्यांची वाट, दुसऱ्या अंगास दोन दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांचा रस्ता, मागे पाट, आणि पुढे माणूस बुडेल एवढा उंच ऊस. येथे मुलास ‘जा बाहेर’ असे म्हणता येणे शक्यच नव्हते. म्हणून पहिल्या दिवसापासून एक शिरस्ता पडला की काहीही झाले तरी रिंगणाबाहेर कोणी जायचे नाही आणि कोणी कोणाला घालवायचे नाही. आणि त्या एका सक्तीतून पुढची सारी पद्धत हळूहळू उगवत गेली.

आष्टीकडचा एक चार-साडेचार वर्षांचा मुलगा होता. त्याची टोळी हंगामाच्या मध्येच दुसऱ्या तळावरून आमच्याकडे हलवलेली होती. हा मुलगा चावत असे, तेही एखाद्या दिवशी नव्हे तर रोज, आणि बहुधा ऊन चढण्याच्या सुमारास. त्याचे दात उमटलेला हात घेऊन एखादी मुलगी रडत येई, मागोमाग तिची आजी तावातावाने येई, आणि ‘त्याला बांधून ठेवा’ अशी मागणी होई. मी त्याच्या कोपीवर जाऊन चौकशी केली तेव्हा कळले की ट्रक भरण्यास रात्री केव्हाही हाक येते, त्या वेळी आईबाप उठून जातात, कोपीत मूल एकटे राहू नये म्हणून त्यालाही उठवून ट्रकपाशी नेतात, आणि तेथे मोळ्या चढवल्या जात असताना ते कोठे तरी पेंगत पडते. पुन्हा पहाटे भाकरीच्या वेळी जागे होते. आणि मग भल्या पहाटे खाल्लेल्या अर्ध्या भाकरीवर ते आमच्याकडे येते. ज्याला सारा तळ दुष्टपणा समजत होता त्याचा निम्मा अंश अपुऱ्या झोपेचा आणि रिकाम्या पोटाचा होता. संस्थेकडून येणारी खिचडी दुपारी वाटण्याचा शिरस्ता होता, ती आम्ही सकाळीच शिजवू लागलो, आणि खाल्ल्यानंतर ज्याला झोपायचे आहे त्याच्यासाठी कोपीच्या आत एक वाकळ अंथरली. मुलांच्या वर्तनाविषयी मोठमोठे निष्कर्ष काढण्यापूर्वी ती केव्हा जेवली आणि किती निजली हे विचारावे, असे मला तेव्हापासून मनापासून वाटत आले आहे.

उरलेला निम्मा अंश मात्र खरोखरीच रागाचा होता, आणि त्यास खिचडी पुरेशी नव्हती. नव्या तळावर त्याला कोणी ओळखत नव्हते. त्याची जुनी सोबतीण, एक पाटीएवढी कुत्री, मागच्या तळावरच राहिली होती. मी त्याची जागा रिंगणात दोन शांत स्वभावाच्या मुलांच्या मध्ये ठरवून दिली आणि सर्वांना सांगितले की ही त्याची जागा. तो तेथे असो वा नसो, ती दुसऱ्या कोणी घ्यायची नाही. राग आला की तो उठून कोपीच्या मेढीला धरून उभा राही, थरथरत असे, पण त्याची जागा मोकळीच राही, आणि तो तिच्याकडे पाहत राही. कोपीमागे आम्ही मेथी-कोथिंबिरीचे वाफे करीत होतो, तेथली ढेकळे फोडण्याचे काम मी त्याला दिले. बळकट काठीने ढेकूळ फोडताना त्याचे सर्व शरीर कामास लागे, आणि जमीनही तयार होई. काही आठवड्यांनी असे होऊ लागले की दात विचकण्यापूर्वी तो माझ्यापाशी येऊन ‘बाई, राग यायलाय, मला ढेकळं फोडायचीत’ असे सांगे. आत काय होते आहे हे त्याला त्याचे कळले होते, ते बोलून दाखवण्याजोगे माणूस त्याला भेटले होते, आणि त्याच्या रागाने फुटलेल्या ढेकळांवर उगवलेली मेथी सगळ्यांच्या खिचडीत पडत होती. चार वर्षांच्या मुलाकडून याहून अधिक संयमाची अपेक्षा मी केली नाही, आणि कोणी करू नये.

तळावर हजेरी म्हणजे मुकादमाची हजेरी. किती कोयते फडात उतरले, कोणाचा खाडा पडला, हे तो पाहतो, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. मुले हे सारे ऐकत वाढलेली असतात. त्यांना हजेरी या गोष्टीचे भय आहे. म्हणून आमची हजेरी निराळ्या तऱ्हेने व्हावी असे मला वाटले. प्रत्येक मुलाने एक चिंचोका निवडला, दगडावर घासून त्याची एक बाजू पांढरी केली, आणि त्यावर गेरूने आपापली खूण काढली. सकाळी आल्याबरोबर आपला चिंचोका रांगेत ठेवायचा. जो आला नाही त्याचा चिंचोका त्याच्या शेजाऱ्याने ठेवायचा आणि तो का आला नाही हे सर्वांना सांगायचे. ‘तिला ताप आलाय.’ ‘त्याला बापानं बैलं पाजायला नेलंय.’ ‘ते रुसून कोपीत बसलंय.’ आपण नसताना आपल्याविषयी कोणी तरी विचारते आणि कोणी तरी सांगते, ही गोष्ट या मुलांनी यापूर्वी अनुभवलेली नव्हती. कित्येकदा रुसून बसलेल्या मुलास आणावयास मला जावेच लागत नसे. शेजारी स्वतःच उठे, आणि ‘चल, तुझा चिंचोका मी ठेवलाय’ एवढेच सांगून त्याला घेऊन येई.

एके रात्री तळावरून एक कुटुंब निघून गेले. उचल मोठी होती, बाईमाणूस आजारी होते, आणि कोणासही न सांगता ते गाडी जोडून गेले. सकाळी मुकादमाचा आरडाओरडा सगळ्या तळाने ऐकला. आणि त्यांच्या मुलीचा चिंचोका आमच्या डब्यात राहिला. तो रांगेत ठेवायचा की नाही, यावर मुलांत त्या दिवशी जो विचार झाला तो मोठ्यांच्या पंचायतीत शोभावा असा होता. एक मुलगा म्हणाला, ती पळाली, तिचा चिंचोका टाकून द्यावा. त्याने सकाळी जे ऐकले तेच तो बोलत होता. दुसरी म्हणाली, ती थोडीच पळाली, तिला गाडीत बसवलं. या एका वाक्याने त्या मुलीवरचा सारा आरोप तिने दूर केला. शेवटी असे ठरले की चिंचोका डब्यातच ठेवावा, रांगेत ठेवू नये, आणि ती आली तर तिने स्वतः ठेवावा. ती परत येईल का, असे तिच्या मैत्रिणीने मला विचारले तेव्हा मला ठाऊक नाही असेच मी सांगितले. ती मुलगी त्या दिवशी पुष्कळ रडली, आणि इतर मुले तिच्याभोवती बसून राहिली. तिला हसवण्याचा प्रयत्न कोणी केला नाही. शोक करणाऱ्याजवळ नुसते बसावे हे त्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून, मयताच्या घरी जाणाऱ्या आया-आज्यांकडून, केव्हाच पाहून ठेवले होते.

मुलांच्या खेळाविषयी मला अंमळ विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण अंतःकरणात जे साचते ते या वयात बोलण्यातून फार थोडे आणि खेळातून फार मोठ्या प्रमाणावर बाहेर पडते. आमच्याकडे भातुकली होती, चिंध्यांच्या बाहुल्या होत्या, लाकडी बैल होते. पण तळावर सर्वांत आवडता खेळ होता तो ‘मुकादम-मुकादम’. एक जण मुकादम होई, हातात काठी घेई, आणि बाकीचे कोयते होत. मुकादम पहाटे कोपीकोपीवर काठी आपटून ‘उठा रे, ट्रक आला’ असे ओरडे. मग पाचटाच्या काड्यांच्या मोळ्या बांधल्या जात, डोक्यावरून वाहिल्या जात, आणि शेवटी हिशेब होई. हा हिशेब ऐकून माझ्या पोटात कालवत असे. ‘तुझी उचल फिटली नाही’, ‘तुझे चार खाडे झाले’, ‘पुढल्या साली आलंच पाहिजे’, असे पाच वर्षांचा मुकादम पाच वर्षांच्या कोयत्यास सांगे, आणि तो कोयता मान खाली घालून उभा राही, ती मान अगदी त्याच्या बापाची असे.

पाहणीस आलेल्या एका बाईंनी हा खेळ बंद करावा असे सुचवले. त्यांचा हेतू चांगला होता. मुलांच्या कोवळ्या मनावर असे संस्कार होऊ नयेत असे त्यांना वाटत होते. परंतु ते संस्कार खेळाने होत नव्हते. ते आधीच झालेले होते, आणि खेळ ही त्यांतून वाट काढण्याची मुलांची स्वतःची युक्ती होती. बापाचा अपमान पाहिलेल्या मुलास त्याविषयी बापाजवळ बोलता येत नाही, कारण बाप लाजेल. आईजवळ बोलता येत नाही, कारण ती रडेल. आणि मुकादमाजवळ तर नाहीच नाही. उरतो तो खेळ. मी दोनच अटी घातल्या होत्या, की काठी अंगाला लागता कामा नये आणि मुकादमाची पाळी रोज बदलली पाहिजे. ही दुसरी अट फार फलदायी ठरली. जो काल मान खाली घालून उभा होता तो आज काठी घेऊन उभा राही, आणि काल त्याला जे बोलले गेले ते बोलताना त्याची जीभ अडखळे. हळूहळू खेळात नव्या गोष्टी येऊ लागल्या. एका मुलीने मुकादम होऊन हिशेबाच्या वेळी विचारले, ‘तुझं पोरगं आजारी व्हतं का?’ आणि समोरच्याने हो म्हणताच ‘मग खाडा नाही’ असा निवाडा दिला. दुसऱ्या दिवशी सगळ्या कोयत्यांची पोरे आजारी होती. त्यावरून मोठे भांडण झाले, खोटे बोलले तर काय करायचे याची चर्चा झाली, आणि न्याय म्हणजे काय याचा असा जिवंत पाठ मला कोणत्याही क्रमिक पुस्तकातून देता आला नसता.

भीतीविषयी आपले धोरण बहुधा ‘भिऊ नकोस’ एवढ्या दोन शब्दांत आटोपते. नगर आणि जुन्नरकडच्या उसात बिबटे राहतात, तेथेच त्यांची पिले होतात, आणि तोडणी पुढे सरकू लागली म्हणजे त्यांचा आसरा उघडा पडतो. तोडणाऱ्यांना फडात पिले सापडल्याच्या बातम्या दर हंगामास येतात. अशा ठिकाणी ‘भिऊ नकोस’ हा उपदेश धोक्याचा होय. मुलाची भीती खरी आहे, ती त्याचे रक्षण करणारी आहे, आणि ती घालवण्यापेक्षा तिला योग्य कामाला लावणे हे आपले कर्तव्य आहे. संध्याकाळी कोपीबाहेर एकट्याने जायचे नाही, खाली वाकून बसलेल्या मुलाजवळ दुसऱ्याने उभे राहायचे, मोठ्याने बोलत किंवा गात चालायचे, उसाच्या कडेला खेळायचे नाही, हे नियम वनखात्याच्या माणसांनी मोठ्यांना सांगितले होते तेच आम्ही मुलांना दिले. त्यांतून जोड्या पडल्या. ज्याला सर्वांत अधिक भीती वाटे अशा एका मुलाचे कान अत्यंत तीक्ष्ण होते. कुत्र्यांचे भुंकणे बदलले की त्यालाच प्रथम कळे. मी सर्वांसमक्ष त्याला हे सांगितले आणि ऐकण्याचे काम त्याच्याकडे सोपवले. तोवर त्याला तळावरची मोठी मुले भित्रा म्हणून चिडवत असत. पुढे तीच मुले ‘थांब, त्याला विचारू’ असे म्हणू लागली. त्याची भीती कमी झाली असे मी म्हणणार नाही. ती आता त्याच्या एकट्याची उरली नव्हती.

शेजारच्या गावाशी आमचे संबंध नाजूक होते. नळावरच्या पाण्यावरून बायकांची बोलाचाली होई, आणि त्याचा प्रतिध्वनी मुलांत उमटे. गावच्या अंगणवाडीतील सेविका मोठ्या मनाची होती. संक्रांतीस आमच्या मुलांना तिळगुळासाठी बोलवावे असे तिने सुचवले. मी तिला विनंती केली की आधी तिची मुले आमच्याकडे पाहुणी यावीत. मागे दुसऱ्या एका तळावर मुलांना अशा समारंभास नेले होते, तेव्हा ती भिंतीला टेकून, हातातला खाऊ न खाता, तासभर उभी राहिलेली मी पाहिली होती. ज्याच्याजवळ देण्यासारखे काही नाही अशा पाहुण्यास आदरातिथ्यही जड होते. गावची मुले आली तेव्हा आमच्या मुलांनी त्यांना बैल दाखवले, कोणता मारका आणि कोणता गरीब ते सांगितले, वाढ्यांचा पीळ देऊन मोळी कशी आवळतात ते करून दाखवले. गावच्या मुलांच्या शेतात ऊस होता, पण मोळी बांधता येणारे त्यांत कोणी नव्हते. आमची तीन वर्षांची एक चिमुरडी गावच्या सरपंचाच्या नातवाचा हात धरून त्याला गाठ शिकवत होती. त्यानंतर संक्रांतीस आम्ही गावात गेलो ते ओळखीच्या घरी गेलो. सगळे प्रश्न मिटले असे नाही. नळावरची भांडणे चालूच राहिली. परंतु आमच्यातल्या एकीस गावच्या एका मुलीने भर रस्त्यात नावाने हाक मारली, आणि ती हाक तिने तळावर येऊन प्रत्येक कोपीवर सांगितली.

आता या साऱ्याच्या दुसऱ्या बाजूविषयी सांगितले पाहिजे. मुलाला प्रथम जागा द्यावी, मग काम द्यावे, आपली कोणाला तरी गरज आहे हे त्याला कळू द्यावे, म्हणजे आपल्या भावना आवरण्याचे बळ त्याच्या ठायी येते, असे माझे मत बनत चालले होते. त्या मताची कसोटी पाहणारी एक मुलगी त्याच तळावर होती. ती नऊ वर्षांची असेल. गावच्या शाळेच्या पटावर तिचे नाव होते, पण वर्षाचा भाऊ सांभाळायला हवा म्हणून आईने तिला बरोबर आणले होते. भावाला कडेवर घेऊन ती आमच्या रिंगणाच्या कडेला येऊन बसे. वयाने ती आमच्यात बसणारी नव्हती, पण तिला कोणी उठवले नाही. पाणी भरणे, भांडी घासणे, भाऊ रडला की जोजवणे, संध्याकाळी आईबाप येण्यापूर्वी चूल पेटवणे हे सारे ती करी. ती कधी रागावत नसे, रडत नसे, काही मागत नसे. सगळा तळ तिला गुणाची म्हणे. ज्या संयमासाठी आम्ही लहान मुलांपाशी एवढा खटाटोप करीत होतो तो तिच्यात काठोकाठ भरलेला होता, आणि तो पाहून मला समाधानाऐवजी उद्वेग वाटे. तिची गरज सर्वांनाच होती; तिला स्वतःला काय हवे हे विचारण्याची पाळीच कधी आली नव्हती.

टोळीत मुलासुनेबरोबर आलेली एक म्हातारी होती. डोळ्यांनी अधू, फडात जाणे तिच्याने होत नव्हते, आणि आपण बसून खातो ही खंत ती वारंवार बोलून दाखवी. आमच्या कोपीत लुगड्याच्या झोळ्या बांधून तान्ही मुले तिच्या देखरेखीखाली ठेवावीत, आणि तिला काही मानधन द्यावे, असा अर्ज मी संस्थेकडे केला. अंदाजपत्रकात अशा खर्चाची तरतूद नव्हती. बराच पत्रव्यवहार झाला, आणि अखेरीस अल्प रकमेस मंजुरी मिळाली. झोळ्या बांधल्या गेल्या. पहिल्या दिवशी त्या मुलीने भाऊ झोळीत ठेवला आणि झोळीशेजारीच बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही तसेच. ‘जा, खेळ’ असे म्हातारीने तिला सांगितले तेव्हा ती चक्क घाबरली. मोकळ्या हातांचे काय करायचे हे तिला ठाऊकच नव्हते. मी तिला काही काम सांगण्याचे निश्चयाने टाळले, कारण काम मिळाले असते तर ती लगेच त्यामागे लपली असती. कितीतरी दिवस ती नुसती पाहत बसली, आणि मग तिच्याच वयाच्या दोन मुली सागरगोटे घेऊन बसल्या होत्या तेथे जाऊन बसली.

एका सकाळी कोपीमागून मोठा गलका ऐकू आला. सागरगोट्यांच्या डावात कोणी तरी चोरी केली होती, आणि ही मुलगी उभी राहून, लाल होऊन, तळाला ऐकू जाईल अशा आवाजात भांडत होती. तिने सगळे गोटे उधळून दिले, समोरचीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि मग हमसून हमसून रडली. म्हातारीने झोळीची दोरी हातातली सोडली नाही. ‘भांडू द्या बाई’ एवढेच ती मला म्हणाली. मीही उठले नाही. थोड्या वेळाने दुसऱ्या दोघींनी गोटे गोळा केले आणि तिचा डाव तिला परत दिला.

त्या संध्याकाळी तिची आई माझ्याकडे तक्रार घेऊन आली, की पोरगी तुमच्याकडे येऊन भांडकुदळ झाली, आणि आज घागर आणायला सांगितली तर ‘थांब’ म्हणाली. मी तिला चुलीपाशी बसवून चहा दिला आणि मला जे वाटत होते ते जमेल तितक्या साध्या भाषेत सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने सांगितले की तिच्या लहानपणी तिच्या कडेवर एकामागून एक तीन भावंडे होती, आणि तिला सागरगोटे येत नाहीत. मुलीला कामातून पुरते मोकळे करणे त्या बाईला शक्य नव्हते, आणि तसे मी मागितलेही नाही. पाणी आणि संध्याकाळची चूल मुलीकडेच राहिली. मात्र दुसऱ्या दिवसापासून फडात जाण्यापूर्वी, अजून अंधार असतानाच, ती आई स्वतः धाकट्याला उचलून म्हातारीच्या कोपीत नेऊन देऊ लागली, आणि मुलीला झोपू देऊ लागली.